मराठी ब्लॉग: पहिल्या कच्च्या लेखापासून वाचता येईल अशा पानापर्यंत

ब्लॉग सुरू करायचं ठरलं की बहुतेक जण आधी थीम, म्हणजे साइटचं तयार रूप, शोधायला बसतात. नाव, लोगो, रंग यांत दिवस जातात आणि लिहायचं काय, हा प्रश्न तसाच राहतो. माझा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. आधी तीन लेख पूर्ण लिहून हाताशी ठेवा, मग साइटला हात घाला. लेख समोर असले की मांडणीचे निम्मे प्रश्न सुटतात. मजकूर किती लांब आहे, चित्रं किती लागतात, तक्ते आहेत का, वाचकाला एका लेखातून दुसऱ्या लेखात जावं लागतं का, हे सगळं तिथेच दिसतं.

खाली तोच क्रम धरला आहे. उदाहरण म्हणून एकच विषय शेवटपर्यंत घेतो: सायकलची घरच्या घरी दुरुस्ती.

पायरी १: विषयाआधी वाचक ठरवा

‘सायकल’ एवढ्यावर ब्लॉग उभा राहत नाही. ‘रोजच्या वापराची सायकल असलेला, चार-दोन हत्यारंच जवळ असलेला, पण दुरुस्ती स्वतः करू पाहणारा माणूस’ असं म्हटलं की लेख दिसू लागतात. या माणसाला पडणारे तीस प्रश्न कागदावर काढा. साखळी का उतरते? ब्रेक दाबल्यावर किंचाळतो कशामुळे? पंक्चर काढूनही दोन दिवसांत हवा जाते, ती कुठून? प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहा. सर्च इंजिनच्या चौकटीत विषयाचे दोन शब्द टाकून खाली येणाऱ्या सूचना पाहिल्या, तर लोक नेमकं काय विचारतात त्याचा चांगला अंदाज येतो.

तीस प्रश्न निघालेच नाहीत तर विषय फार अरुंद आहे किंवा आपली त्यातली ओळख अजून कमी आहे. दोन्ही गोष्टी आत्ताच कळलेल्या बऱ्या.

मग प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण करा: याबद्दल माझ्याकडे स्वतः पाहिलेलं, मोजलेलं किंवा करून बघितलेलं काय आहे? जिथे उत्तर ‘काहीच नाही’ असेल तो लेख मागे ठेवा. दहा ठिकाणी वाचून अकराव्या ठिकाणी मांडलेला मजकूर वाचकाला लगेच ओळखू येतो. यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुराचंही तेच होतं. वाक्यं सरळ असतात, पण लिहिणाऱ्याने सायकल उलटी करून पाहिलेली नसते.

पायरी २: मथळा म्हणजे दिलेला शब्द

‘सायकल देखभालीचे महत्त्व’ असा मथळा वाचून कुणाचीही अडचण सुटत नाही. ‘सायकलची साखळी सारखी उतरते? आधी या तीन जागा तपासा’ असं लिहिलं की वाचकाला लेखात काय मिळणार ते समजतं आणि लेखकाला काय द्यायचं आहे तेही. म्हणून मथळा दोनदा लिहावा. लेखाआधी एक कामचलाऊ, म्हणजे लिहिताना वाट चुकत नाही. लेख झाल्यावर दुसरा, प्रत्यक्षात जे लिहिलं गेलं त्याला धरून. तीन जागा सांगायच्या ठरवल्या होत्या आणि चार निघाल्या, तर मथळ्यात चार लिहा.

महत्त्वाचे शब्द मथळ्याच्या सुरुवातीला आणा, कारण शोधाच्या यादीत लांब मथळा शेवटाकडून कापला जातो. ‘हे वाचून तुम्ही थक्क व्हाल’ अशा मथळ्यांपासून मात्र लांबच राहा. ते एकदा क्लिक मिळवून देतात आणि पुढच्या वेळी तुमचं नाव दिसलं की वाचक पुढे सरकतो.

पायरी ३: पहिला परिच्छेद

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक याकोब नीलसन आणि जॉन मॉर्क्स यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाचनचाचण्यांत ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळत होते. शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्केच निघाले. २००६ मध्ये नीलसन यांनी नजरेच्या हालचालींचा अभ्यास मांडला. त्यात वरच्या एक-दोन ओळी नजर आडवी वाचते आणि मग डाव्या कडेने खाली घसरते, असं दिसलं. पडदे बदलले, सवय फारशी बदललेली नाही. वाचक थांबेल की जाईल, याचा निकाल पहिल्या चार ओळींतच लागतो.

मराठी लेखांची एक नेहमीची सुरुवात पाहा:

‘आजच्या धावपळीच्या युगात सायकल ही काळाची गरज बनली आहे. पर्यावरण आणि आरोग्य या दोन्ही दृष्टींनी सायकलचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.’

ज्याचे हात काळे झालेत आणि साखळी जमिनीवर लोंबतेय, त्याच्यासाठी यात काही नाही. आता हे:

‘साखळी सारखी उतरत असेल तर नवी आणण्याआधी मागचं चाक बघा. बिनगिअरच्या सायकलमध्ये मागच्या चाकाचे नट ढिले झाले की चाक थोडं पुढे सरकतं आणि साखळी सैल पडते. गिअरच्या सायकलमध्ये कारण बहुधा डिरेलरमध्ये, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागात, सापडतं. ते खाली दुसऱ्या भागात आहे.’

दुसऱ्या नमुन्यात तीन कामं झाली. उत्तर लगेच मिळालं. दोन प्रकारच्या वाचकांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आणि पुढे वाचायचं कारण तयार झालं. उत्तर आधीच दिलं तर पुढे कोण वाचेल, अशी धास्ती अनेकांना वाटते. उपयोगाच्या लेखात ती बाळगू नका. ज्याला उत्तर खरं वाटतं तोच ‘हे करायचं कसं’ म्हणून खाली उतरतो. गोष्ट किंवा प्रवासवर्णन लिहीत असाल तर हा नियम लागू नाही. तिथे माहिती राखून ठेवण्यात गंमत असते.

सोपी कसोटी: लेख पूर्ण झाल्यावर पहिला परिच्छेद खोडा आणि दुसऱ्यापासून वाचा. काही अडलं नाही तर पहिला गेलेलाच बरा.

पायरी ४: मधला मजकूर भरीव ठेवा

‘साखळी फार सैल नसावी’ हे वाक्य बरोबर आहे, पण त्यावरून काही करता येत नाही. ‘दोन चक्रांच्या मधोमध साखळी बोटाने वर-खाली हलवा, साधारण अर्धा इंच हालली पाहिजे’ असं म्हटलं की वाचक उठून सायकलपाशी जातो. तसंच ‘साखळी झिजली असेल तर बदला’ यापेक्षा मोजमाप द्या: नव्या साखळीचे बारा पूर्ण दुवे बरोबर १२ इंच भरतात. तेवढ्याच दुव्यांची लांबी १/१६ इंचाने वाढली की साखळी बदलायची वेळ झाली. १/८ इंच वाढेपर्यंत थांबलात तर बहुतेक वेळा मागची चक्रंही बदलावी लागतात. विषय कोणताही असो, ‘थोडं’, ‘पुरेसं’, ‘योग्य प्रमाणात’ असे शब्द सापडले की तिथे आकडा, खूण किंवा चित्र देता येतं का ते पाहा.

उपशीर्षकं बोलकी हवीत. ‘कारणे’, ‘उपाय’, ‘निष्कर्ष’ यांनी काही सांगितलं जात नाही. ‘मागचं चाक पुढे सरकलं असेल तर’ हे शीर्षक चाळणाऱ्यालाही थांबवतं. फक्त उपशीर्षकं सलग वाचली तरी लेखाचा गाभा कळला पाहिजे. परिच्छेद फोनवर पाहून तोडा. लॅपटॉपवर चार ओळींचा दिसणारा परिच्छेद फोनवर दहा ओळींचा होतो.

नंतर लेख मोठ्याने वाचा. ‘करण्यात येते’, ‘च्या माध्यमातून’, ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ असलं काही जिभेला अडलं की ते काढून साधं क्रियापद घाला. ‘वंगणाच्या माध्यमातून घर्षण कमी करण्यात येते’ याचं ‘तेल घातलं की साखळी कमी घासते’ होतं आणि अर्थ तसूभरही कमी होत नाही.

दुसऱ्या लेखाचा दुवा देताना ‘इथे क्लिक करा’ लिहू नका. ‘मागचं चाक सरळ बसवण्याची पद्धत’ या शब्दांवरच दुवा द्या. पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, वापरणारे अंध वाचक बऱ्याचदा नुसत्या दुव्यांची यादी ऐकतात. त्यात ‘इथे, इथे, इथे’ ऐकून त्यांना काय कळणार?

पायरी ५: देवनागरीला देवनागरीसारखं वागवा

मराठी ब्लॉग इथेच सर्वाधिक मार खातात, कारण बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात.

पहिली गोष्ट, मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतांतच हवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला तर वाचकाला रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि सर्च इंजिनला त्यातलं काहीच समजत नाही. जुनं लेखन असेल तर परिवर्तक वापरून बदला आणि नंतर डोळ्यांनी तपासा. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडलेले सापडतात.

दुसरी, साइटच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडा. पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे त्यामागच्या कोडमध्ये, त्यामुळे ‘एम-आर’ हा भाषासंकेत जातो. पडदावाचक मराठी उच्चार निवडतो, ब्राउझर नको तिथे भाषांतर करायला येत नाही आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं आपोआप दिसतात. ही वळणं हिंदीतल्या छपाईपेक्षा वेगळी आहेत आणि मराठी डोळ्याला तो फरक जाणवतो.

फॉन्ट निवडताना नमुना म्हणून हे शब्द टाकून पाहा: दुसऱ्या, तऱ्हा, ऱ्हास, उत्कृष्ट, द्वंद्व, शृंगार, स्त्रियांनी, ॲप, ऑफिस. ‘ऱ्या’ची चंद्रकोर नीट उमटली नाही किंवा पाय मोडून हलन्त दिसला तर तो फॉन्ट सोडा. एक टायपो इथेच टाळा: ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे. ‘अ’ला वेगळी चंद्रकोर लावून लिहिलेलं रूप तसंच दिसतं, पण संगणक त्याला वेगळा शब्द समजतो आणि शोधात गडबड होते. मुक्त परवान्याचे चांगले फॉन्ट उपलब्ध आहेत. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ फोनवर स्वच्छ दिसतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा तर मराठी वळणांसाठीच केलेला आहे आणि लांब ललित मजकुराला शोभतो. साधा आणि ठळक एवढी दोन वजनं पुरतात. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते. पाच वजनं चढवली तर पान उघडायला उगाच वेळ लागेल.

आता अंतरं. रोमनला १६ पिक्सेल चालतात म्हणून देवनागरीला चालतील असं नाही. वर मात्रा आणि रफार, खाली उकार आणि ऋकार, त्यामुळे मधल्या अक्षराला जागा कमी उरते. १८ ते २० पिक्सेल ठेवा आणि ओळीची उंची अक्षराच्या १.६ ते १.८ पट. याहून कमी केली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. मोठ्या पडद्यावर ओळ पानभर पसरू देऊ नका. दहा-बारा शब्दांनंतर वळली तर नजर पुढच्या ओळीची सुरुवात चुकत नाही.

थीमने अक्षरांमध्ये जादा अंतर दिलं असेल, विशेषतः मेनू आणि शीर्षकांत, तर ते शून्य करा. त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाची सुटी अक्षरं होतात. तिरपी अक्षरंही काढा. देवनागरीत ती परंपरेने नाहीत आणि बहुतेक फॉन्टमध्ये वेगळी आखलेली नसल्यामुळे ब्राउझर साधी अक्षरंच ओढून वाकडी करतो. जोर द्यायचा तर ठळक करा, तेही क्वचित. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोहही टाळावा. मराठीत प्रत्यय जोडून शब्द लांब होतात, आणि फोनच्या अरुंद ओळीत ‘दुरुस्तीसाठीच्या’सारखा शब्द खाली गेला की वरच्या ओळीत भगदाडं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, हे उत्तम.

रंगांसाठी एक मोजता येण्याजोगा नियम आहे. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी फरक किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १. पांढऱ्यावर फिकट राखाडी देखणी दिसते, पण उन्हात फोन धरला की नाहीशी होते.

पायरी ६: साइट उभारणं

यावर फार खल करू नका. ब्लॉगर ही ब्लॉग चालवण्याची सेवा १९९९ पासून आहे, २००३ पासून गूगलकडे आहे, विनामूल्य आहे आणि तिची देखभाल जवळपास नसते. वर्डप्रेस २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलं. ते साइट बनवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, हवं तसं वाढवता येतं, पण स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर, चालवलं तर अपडेट आणि बॅकअपची जबाबदारी आपली. तांत्रिक कामाचा कंटाळा असेल तर ब्लॉगरने सुरुवात करा. लिहिणं थांबण्यापेक्षा ते बरं.

एक खर्च मात्र पहिल्या दिवसापासून करा: स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही वैयक्तिक पानांची सेवा बंद केली तेव्हा लाखो लोकांची पानं त्यांच्या पत्त्यांसकट गेली. डोमेन आपलं असेल तर सेवा बदलली तरी वाचकाकडचा पत्ता तोच राहतो. एचटीटीपीएस, म्हणजे वाचक आणि साइट यांच्यातली सुरक्षित जोडणी, सुरू आहे ना ते पाहा; लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे त्याचं प्रमाणपत्र विनामूल्य मिळतं.

प्रत्येक लेखाच्या पत्त्यातला शेवटचा भाग छोट्या रोमन शब्दांत हाताने लिहा. वर्डप्रेस तो मराठी मथळ्यातूनच बनवतं आणि तिथे एक अडचण येते. वेबवर मजकूर साठवण्याच्या युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पत्ता कॉपी केला की बहुतेक ठिकाणी त्या एका चिन्हाची टक्केवारीच्या खुणांसह नऊ अक्षरं होतात. पाच शब्दांचा मथळा मग मेसेजमध्ये चार ओळींचा विचित्र मजकूर होऊन जातो आणि त्याला हात लावायला लोक कचरतात.

मुखपृष्ठावर सगळ्यात वर एक वाक्य: ही जागा कुणासाठी आहे आणि इथे काय मिळतं. त्याखाली ‘इथून सुरुवात करा’ म्हणून तुमचे तीन-चार भक्कम लेख, मग ताजे लेख. मेनूत चार-पाच नोंदी पुरेत. आपोआप सरकणारी चित्रं, कोपऱ्यातलं घड्याळ, वाचन सुरू होण्याआधी उघडणाऱ्या चौकटी यांतलं काहीही नको. ज्याने अजून एक ओळ वाचली नाही त्याच्याकडे ईमेल मागणं मला तर उद्धटपणाच वाटतो.

पायरी ७: चित्रं आणि वेग

फोनचा फोटो बहुधा तीन-चार हजार पिक्सेल रुंद आणि काही एमबींचा असतो. लेखात तो ७०० ते ८०० पिक्सेलच्या जागेत दिसतो. १२०० ते १६०० पिक्सेलपर्यंत लहान करा, वेबपी या हलक्या फाइल-स्वरूपात साठवा आणि मगच चढवा. चित्राची रुंदी-उंची कोडमध्ये नोंदलेली असली पाहिजे. नाहीतर चित्र उशिरा येतं, मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचकाचं बोट भलत्याच दुव्यावर पडतं. पानाच्या खालची चित्रं वाचक खाली सरकेल तशी उतरू द्या, पण सगळ्यात वरच्या चित्राला ती सवलत नको, ते लगेच यायला हवं.

गूगल याच गोष्टी तीन आकड्यांत मोजतं: मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, आणि मांडणी सरकण्याचं माप ०.१ च्या आत राहावं. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साधनात पत्ता टाकला की यातले बहुतेक आकडे मिळतात. शंभरपैकी शंभरचा हट्ट धरू नका. लाल रंगात आलेलं दुरुस्त करा आणि लिहायला बसा.

प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठी त्याचं वर्णन, द्या, आणि तो कामाचा द्या. ‘सायकल फोटो १’ नको. ‘मागच्या चाकाचा नट पान्याने सैल करणारा हात’ असं लिहा. माहिती चित्रावर छापून ठेवू नका. ती शोधली जात नाही, मोठी करता येत नाही आणि ऐकवताही येत नाही. चित्र दुसऱ्याचं असेल तर परवाना बघा. अटी पाळून कुणालाही वापरता येणारी, क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने असलेली चित्रं भरपूर आहेत. त्यातल्या बहुतेकांना निर्मात्याचं नाव, मूळ दुवा आणि परवान्याचं नाव द्यावं लागतं. तरीही दुरुस्तीच्या लेखात स्वतः काढलेला, जरा अंधारा फोटो विकतच्या चकचकीत चित्राहून कितीतरी अधिक विश्वास देतो.

पायरी ८: प्रकाशित करण्याआधी, आणि नंतर

प्रकाशित करण्याआधी लेख फोनवर उघडून पूर्ण वाचा. मग विषय ठाऊक नसलेल्या एकाला वाचायला द्या आणि ‘कसा वाटला’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘छान’ येईल. ‘कुठे दुसऱ्यांदा वाचावं लागलं?’ असं विचारा. ती वाक्यं नव्याने लिहा.

साइट गूगल सर्च कन्सोलला, म्हणजे शोधातले आकडे दाखवणाऱ्या साधनाला, जोडा आणि साइटमॅप, म्हणजे पानांच्या पत्त्यांची यादी, द्या. पहिले काही आठवडे आकडे जवळपास रिकामे असतात, त्यात शोधण्यासारखं काही नसतं. दोन-तीन महिन्यांनी मात्र कोणत्या शोधांत तुमचं पान दिसलं आणि कितीदा उघडलं गेलं, ते वाचनीय होतं. पान खूपदा दिसतं पण उघडत नाही, तर मथळा आणि शोधात त्याखाली दिसणारं वर्णन बदला. वाचक ‘चेन’ असं शोधत असतील आणि तुमच्या लेखात फक्त ‘साखळी’ असेल तर दोन्ही शब्द सहज येतील असं वाक्य घाला. ज्यावर तुम्ही लिहिलंच नाही अशा प्रश्नावरून कुणी येत असेल तर तो पुढच्या लेखाचा विषय.

किती वेळाने लिहायचं? वर्षभर पाळता येईल तेवढ्याच वेळाने. महिन्याला एक भक्कम लेख पुरतो, कारण उपयोगाचा लेख शोधातून वर्षानुवर्षं वाचला जातो. परतणाऱ्या वाचकांसाठी आरएसएस, म्हणजे नवे लेख वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप पोचवणारी सोय, चालू ठेवा आणि लेखाच्या शेवटी ईमेलने नवे लेख मिळण्याची सोय द्या.

जुन्या लेखांकडे वर्षातून एकदा तरी फिरून या. तुटलेले दुवे काढा, नवं कळलेलं भरा, चुकलेलं सुधारा आणि वर ‘सुधारित’ म्हणून तारीख टाका. नवा लेख लिहून जुना पुरण्यापेक्षा जुन्याच पत्त्यावर सुधारणा करणं जवळपास नेहमीच चांगलं, कारण त्या पत्त्याला मिळालेले दुवे तिथेच राहतात. पत्ता बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्याकडे ३०१ हे कायमचं वळण, म्हणजे वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सूचना, लावा, आणि ते लावल्यावर जुना पत्ता स्वतः उघडून पाहा.